पाचवीतून सहावीत : नाव घालणं एका दिवसाचं, टिकवणं वर्षभराचं



मार्च महिना लागला की आपल्या गटांच्या बैठकीत दोनच विषय जास्त चालतात. एक म्हणजे मार्चअखेरची बँकेची परतफेड आणि दुसरा लग्नसराई. यंदा मी तिसरा विषय मांडते आहे. ज्या घरी लेकरू यंदा पाचवीत आहे, त्या घरी जूनमध्ये मोठा बदल होणार आहे. आपल्या भागातल्या बऱ्याच लहान गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथी नाहीतर पाचवीपर्यंतच असते. पुढच्या वर्गासाठी दुसऱ्या गावी, मोठ्या शाळेत जावं लागतं. तुमच्या गावात चौथीनंतरच शाळा बदलत असेल तर या लेखात ‘पाचवी’च्या जागी ‘चौथी’ वाचा. बाकी सांगणं तेच आहे.

या बदलाची तयारी म्हणून आपण काय करतो? दाखला काढतो, नव्या शाळेत नाव घालतो, दप्तर घेतो. तेवढ्यात आपल्याला वाटतं, झालं काम. पण लेकरू शाळेत टिकतं की नाही हे जूनमध्ये ठरत नाही. ते दिवाळीनंतर ठरतं, कापूस फुटल्यावर. म्हणून तयारी नाव घालण्यापुरती नको, पहिलं वर्ष पार होईपर्यंतची हवी. ती कशी करायची, ते एकेक करून पाहू.

नेमकं काय बदलतं?

गावच्या शाळेत एक-दोन गुरुजी किंवा बाई असतात. त्यांना आपलं घर माहीत, लेकराचा स्वभाव माहीत. पोरगी दोन दिवस दिसली नाही तर बाई रस्त्यात विचारतात, “काहून वो, पोरीले ताप आहे काय?” मोठ्या शाळेत प्रत्येक विषयाला वेगळे सर, वेगळ्या मॅडम. तास संपला की घंटा होते आणि दुसरे सर येतात. वर्गात चार गावांची पोरं. तिथं आपलं लेकरू गप्प बसलं तर ते पटकन कुणाच्या लक्षातही येत नाही.

विषयही वाढतात. पाचवीपर्यंत ‘परिसर अभ्यास’ असतो. सहावीत त्याच्या जागी सामान्य विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल येतात. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि गणित आहेतच. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा सांगितली आहे आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस. म्हणजे दिवसही वाढले, अभ्यासही वाढला, रस्ताही वाढला. त्याच वयात लेकराचं अंग बदलायला लागतं. एवढं सगळं एकाच जूनमध्ये अकरा वर्षांच्या जिवावर येतं. काही लेकरं आठ दिवसांत रुळतात, काहींना चार महिने लागतात. चार महिने लागले म्हणजे लेकरू ढ आहे असं नाही.

आधी कागद नीट करा

शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टी.सी., हातात आला की लगेच घडी घालून पेटीत ठेवू नका. आधी वाचा. वाचता येत नसेल तर गटाच्या सचिवताईंकडून वाचून घ्या. लेकराचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख आणि जात हे सगळं आधार कार्डाशी आणि जन्म दाखल्याशी जुळतं का ते पाहा. ‘वैष्णवी’चं कुठं ‘वैश्नवी’ झालेलं असतं, कुठं जन्मतारखेचा महिना चुकलेला असतो. ही चूक गावच्या शाळेत असतानाच दुरुस्त करायला सोपी असते. पुढे दहावीच्या फॉर्मच्या वेळी तीच चूक तालुक्याच्या फेऱ्या करायला लावते.

टी.सी.सोबत हे कागद एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा: आधार, पाचवीचं प्रगतीपत्रक, जन्म दाखला, चार फोटो, लेकराच्या किंवा आईसोबतच्या जोडखात्याचं बँक पासबुक, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला. शेवटचे दोन दाखले सेतू केंद्रातून निघतात आणि जूनमध्ये तिथं फार गर्दी असते. एप्रिलमध्ये अर्ज केला तर ओढाताण होत नाही. अनुसूचित जाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या पाचवी ते सातवीच्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे. रक्कम मोठी नाही, पण हक्काची आहे. त्यासाठी हेच कागद लागतात. अर्ज शाळेतूनच जातो, म्हणून वर्गशिक्षकांना आठवण करून द्या.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. टी.सी. यायला उशीर झाला म्हणून कोणतीही शाळा आठवीपर्यंतचा प्रवेश अडवू शकत नाही, हे कायद्यात लिहिलं आहे. आणि प्रवेशासाठी देणगी मागणं किंवा लेकराची चाचणी घेणं, दोन्हीला कायद्यानं बंदी आहे.

प्रवेशाच्या फॉर्मवर मोबाईल नंबर लिहिताना फक्त वडिलांचा लिहू नका, आईचाही लिहा. शाळेचा निरोप कामावर गेलेल्या बापाच्या फोनवर पडून राहतो आणि घरी कुणाला पत्ता नसतो, असं बऱ्याच घरी होतं.

पाचवीच्या परीक्षेची भीती नको, पण दुर्लक्षही नको

आधी आठवीपर्यंत कुणालाच नापास करत नव्हते. आता तसं नाही. केंद्रानं २०१९ मध्ये कायदा बदलला आणि महाराष्ट्रानं २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षेचा नियम केला. पाचवीत लेकरू कमी पडलं तर त्याला पुन्हा परीक्षा देता येते. त्यातही कमी पडलं तर ते त्याच वर्गात राहू शकतं. पण त्याला शाळेतून काढून टाकता येत नाही. “नापास झाली, आता घरीच राहू दे,” हे कुणी म्हणालं तर ऐकू नका. पुन्हा परीक्षा कधी आहे ते विचारा आणि लेकराला तयारीला बसवा.

शाळा आधी दाखवून आणा

माझी फार आग्रहाची विनंती आहे की एप्रिलमध्ये, नव्या शाळेला सुट्टी लागण्याआधी, लेकराला घेऊन एकदा तिथं जा. मुख्याध्यापकांना भेटा. वर्ग कुठं, पाणी कुठं, मुलींचं संडास-बाथरूम कुठं आणि त्याला आतून कडी आहे का, हे स्वतः पाहा. शाळा किती वाजता भरते, शनिवारी किती वाजता सुटते, ते लिहून आणा.

शालेय पोषण आहार आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत मिळतो. सहावी ते आठवीच्या लेकरासाठी रोज १५० ग्रॅम धान्याचं प्रमाण ठरलेलं आहे, पाचवीपर्यंत ते १०० ग्रॅम असतं. पाठ्यपुस्तकंही या शाळांत आठवीपर्यंत मोफत असतात. गणवेशाचं मात्र विचारून घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत तो मिळतो, संस्थेच्या शाळेत बहुतेक वेळा विकत घ्यावा लागतो. हे जूनमध्ये कळलं तर ऐन पेरणीत खर्च अंगावर येतो.

गावातली एखादी पोरगी त्याच शाळेत सातवीत असेल तर तिच्याशी आपल्या लेकराची गाठ घालून द्या. कोणत्या सरांचा तास कसा असतो, डबा कुठं बसून खातात, हे ती जसं सांगेल तसं आपल्याला सांगता येणार नाही.

रस्ता

कायद्याच्या नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असायला हवी. त्याहून लांब जावं लागत असेल तर समग्र शिक्षा योजनेत वाहतूक भत्त्याची तरतूद आहे. त्यासाठी लेकराचं नाव यादीत जावं लागतं. मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांकडे विचारा, आणि ग्रामसंघाच्या लेटरहेडवर अर्ज द्या. एकट्या बाईच्या तोंडी विचारण्यापेक्षा ग्रामसंघाच्या शिक्क्याचा कागद लवकर पुढे सरकतो.

एसटीचं सांगते. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे. मुलांना मासिक पासात दोन तृतीयांश सवलत मिळते. पाससाठी शाळेचं पत्र किंवा शाळेकडून गेलेली यादी लागते, म्हणून शाळा उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात मागा.

पास मिळाला तरी गाडीची वेळ आणि शाळेची वेळ जुळायला हवी. गाडी पाच वाजता आणि शाळा साडेपाचला सुटत असेल तर पासचा काय उपयोग? असं असेल तर ग्रामसंघानं आगार व्यवस्थापकांना अर्ज द्यावा आणि त्यावर शाळेचीही सही घ्यावी.

पायी किंवा सायकलनं जाणाऱ्या पोरींची टोळी करा. एका गावच्या चार पोरी सोबत निघतील, सोबत येतील, आणि एक थांबली तर बाकीच्या थांबतील, असं आधीच ठरवा. जूनमध्ये एकदा त्या रस्त्यानं आईनं किंवा आजीनं सोबत चालत जावं. नाल्याला पूर आला तर कुठं थांबायचं, कुणाच्या घरी बसायचं, कुणाच्या फोनवरून फोन करायचा, हे रस्त्यावरच दाखवून द्यावं. पावसाळ्यात पहिले तीन महिने हीच काळजी जास्त असते.

घरातली सकाळ

गावची शाळा घराजवळ होती तेव्हा पोरगी पाणी भरून, झाडून, लहान्याला सांभाळून घंटा झाल्यावर पळत जायची. आता तिला अर्धा-पाऊण तास आधी निघावं लागेल. मग सकाळची कामं कोण करणार? हे आधी ठरवलं नाही तर दोनपैकी एक होतं. पोरगी रोज उशिरा पोचते आणि बोलणी खाते, नाहीतर कामं उरकत नाहीत म्हणून घरी राहते.

घरातल्या सगळ्यांनी बसून कामं वाटून घ्या. भावाला बादली उचलता येते. बापाला लहान्याचे केस विंचरता येतात. एका बैठकीत एक काकू म्हणाल्या, “मायं पोट्टं पाणी भरते तं सासू म्हनते, पोराले बाईचं काम सांगते.” त्यावर दुसऱ्या काकूंनी सांगितलं, “मंग सासूले म्हना, पानी पोरगाबी पेतेच न!” सगळ्या हसल्या, पण उत्तर बरोबर होतं.

“मी अडाणी, मी काय अभ्यास पाहू?”

हे वाक्य मी प्रत्येक गावात ऐकते. ताईंनो, वाचता येत नसलं तरी आईला बरंच काही पाहता येतं. वहीवर आजची तारीख आहे का? लाल शाईची खूण दिसते का? लेकराला म्हणा, “आज कोणत्या सरांनी काय सांगितलं ते मले समजावून सांग.” समजावून सांगता सांगता त्याचाच अभ्यास होतो. कुठं अडखळतं तेही आपल्याला कळतं.

आणि एक गंमत सांगते. सहावीच्या गणितात शेकडेवारी, नफा-तोटा आणि सरळव्याज येतं. ज्या गणिताला लेकरं घाबरतात ते आपण दर महिन्याला गटाच्या रजिस्टरवर करतो! ५,००० रुपये अंतर्गत कर्ज, महिना २ टक्के, तर पहिल्या महिन्याचं व्याज किती? १०० रुपये, हे तुम्ही तोंडी सांगता. तुमचं गटाचं पासबुक लेकरापुढे ठेवा आणि म्हणा, “माझं व्याज बरोबर लावलं का, तपासून दे.” लेकराला कळेल की पुस्तकातलं गणित आपल्या घरातलंच आहे. आणि आपली माय हे करते, हेही कळेल.

सुट्टीत दोनच गोष्टी करून घ्या. रोज एक पान मोठ्यानं वाचणं, आणि पाढे. लेकराला पान वाचताच येत नसेल तर लपवू नका. नव्या शाळेत पहिल्याच महिन्यात वर्गशिक्षकांना सांगा. वाचता न येणारं लेकरू सहावीत विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसतं तेव्हा त्याला विषय कळत नाही, लाज मात्र कळते. ही लाजच त्याला शाळेपासून तोडते. मुलगे तर ती लाज दंगा करून झाकतात. बसस्टँडवर टाइमपास करणारा पोरगा बिघडलाच असेल असं नाही. त्याला वर्गात काही कळत नसेल, हे आधी तपासा.

अंगातले बदल

मुलींना पाळी साधारण नऊ ते पंधरा वर्षांच्या दरम्यान येते. म्हणजे बऱ्याच जणींना ती याच वर्गांत येते. शाळेत अचानक आली आणि पोरीला काहीच माहीत नसेल तर ती घाबरते आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा नको म्हणते. म्हणून जून उजाडायच्या आधी आईनं, मावशीनं किंवा आजीनं सांगावं. ही बिमारी नाही, विटाळ नाही. अंग मोठं होतं, त्याची ती खूण आहे. दप्तराच्या आतल्या कप्प्यात पॅड किंवा स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेला सुती कपडा आणि एक निकर ठेवून द्या. कोणत्या मॅडमला सांगायचं ते ठरवून ठेवा. पाळीच्या चार दिवसांत शाळा बुडवायची नाही, हे घरातल्या मोठ्यांनाही सांगा. महिन्याला तीन दिवस बुडाले तर दहा महिन्यांत पूर्ण एक महिना जातो.

सहावीपासून शाळेत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी देतात. ती जेवणानंतर घ्यायची. थोडं मळमळलं तर घाबरून बंद करू नका, आशाताईंना विचारा.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. रस्त्यात, गाडीत किंवा शाळेत कुणी अंगाला हात लावला, घाण बोललं, तर पोरीनं घरी सांगायला हवं. ती सांगेल कधी? “सांगितलं तर माय शाळा बंद करन,” ही भीती तिला नसेल तेव्हा. म्हणून आधीच वचन द्या: “तू सांगितलं म्हणून तुझी शाळा बंद होणार नाही. ज्यानं केलं त्याला आम्ही पाहू.” मुलग्यांनाही हेच सांगा. मुलांसाठीचा मदतीचा नंबर १०९८ आहे, तो लेकरांना तोंडपाठ करून द्या.

वेचणीचे दिवस : खरी परीक्षा

आता मुख्य गोष्टीवर येते. आपल्या वऱ्हाडात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीन सोंगणी, दसरा-दिवाळीपासून कापसाची वेचणी, पुढे तूर. वेचणीची मजुरी किलोवर असते. हात जास्त तेवढे किलो जास्त. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत पोरगी वावरात येते आणि सुट्टी संपली तरी “हा आठवडा राहू दे” होतं. जी वेचायला जात नाही ती लहान्याला सांभाळायला घरी राहते, कारण मायला वावरात जायचं असतं. हे कुणी वाईट मनानं करत नाही. कर्ज असतं, घर चालवायचं असतं. मी हे जाणून लिहिते आहे.

पण हिशेब करून पाहा. दिवाळीनंतर जानेवारीअखेरपर्यंत साधारण दहा आठवडे धरले आणि आठवड्याला दोनच दिवस पोरगी घरी राहिली, तर २० दिवस बुडाले. २२० दिवसांच्या वर्षाचा अकरावा हिस्सा गेला. तो सलग गेला असता तर मागचं भरून काढता आलं असतं. असा तुटक गेला की विज्ञानाचा धडा अर्धा कळतो, गणिताची रीत मधूनच सुटते. फेब्रुवारीत पोरगी म्हणते, “मले काही समजत नाही, मी नाही जात.” आणि आपण म्हणतो, “तिलेच शिकायचं नाही.”

यात आणखी एक अडचण आहे. लेकरू महिनाभर सलग गैरहजर राहिलं तर ते शाळाबाह्य समजून त्याचा शोध घेतला जातो. आठवड्याला दोन दिवस बुडवणारी पोरगी कोणत्याच यादीत येत नाही. तिचं नाव पटावर असतं. ती हळूहळू सुटते, आणि आठवीनंतर एखाद्या स्थळाची बोलणी सुरू होते. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे हे आपण ग्रामसंघात अनेकदा बोललो. पण त्या लग्नाची सुरुवात मांडवात होत नाही. ती सहावीतल्या बुडालेल्या दिवसांत होते.

चौदा वर्षांखालच्या लेकराला मजुरीला लावता येत नाही, हा कायदा आहे. घरच्या कामात मदत चालते, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत. तेव्हा सुट्टीत चार दिवस घरच्या वावरात मदत झाली तर काही बिघडत नाही. शाळा उघडली की मात्र पोरगी शाळेत, एवढी एक रेघ प्रत्येक घरानं आखून घ्यावी.

रेघ आखायची तर लहान्या लेकरांचं काय, हा प्रश्न येतोच. इथं गट कामाला येतो. वेचणीच्या दोन-अडीच महिन्यांत पाच-सहा घरांनी मिळून एका आजीकडे लहान लेकरं ठेवावी. प्रत्येक घरानं रोज थोडे पैसे किंवा धान्य त्या आजींना द्यावं. तीन वर्षांवरची लेकरं अंगणवाडीच्या वेळेत तिथं पाठवावी. किती घरं, कोणती आजी, किती पैसे, हे दसऱ्याच्या आधीच्या बैठकीत ठरवावं. कापूस फुटल्यावर ठरवायला कुणाला सवड नसते.

पैशाची तयारी

दप्तर, वह्या, कंपास, बूट, रेनकोट, डबा, गणवेश ही यादी आताच करा. आजपासून शाळा उघडेपर्यंत साधारण १६ आठवडे आहेत. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते, त्याचा हा फायदा! आठवड्याला ५० रुपये बाजूला ठेवले तर ८०० रुपये जमतात. बराचसा खर्च त्यात निघतो.

सायकल घ्यायची असेल तर गटातून अंतर्गत कर्ज घ्या. ३,००० रुपये, महिना २ टक्के, दहा हप्ते. मुद्दल दर महिन्याला ३०० आणि व्याज पहिल्या महिन्यात ६०, मग ५४, मग ४८, असं कमी होत जातं. दहा महिन्यांचं एकूण व्याज ३३० रुपये. शेवटी हेही लक्षात ठेवा की ते व्याज आपल्याच गटात राहतं. आपल्या दशसूत्रीत शिक्षण आहे. मग लेकराच्या सायकलीसाठीचा अर्ज बैठकीत मागे पडायला नको.

गटानं काय करायचं?

मार्च : गावात पाचवीत किती लेकरं आहेत त्यांची यादी ग्रामसंघात करा. गटात नसलेल्या घरांचीही नावं घ्या. प्रत्येक लेकरामागे गटातली एक ताई ठरवा.
एप्रिल : कागद तपासा, दाखल्यांचे अर्ज करा, नवी शाळा पाहून या.
मे : रोज वाचन आणि पाढे. पोरीशी पाळीबद्दल बोलणं. घरातली कामं वाटून घेणं.
जून : नाव घालणं, पास, पोरींची टोळी, रस्ता दाखवणं.
जुलै-ऑगस्ट : वर्गशिक्षकांची एक भेट. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. नव्या शाळेच्या समितीत आपल्या गावची एक तरी आई असावी, यासाठी नाव द्या.
दसऱ्याआधी : लहान्या लेकरांची सोय ठरवा.
दिवाळीनंतर : हजेरी तपासा. तीन दिवस ठरवून ठेवा: सुट्टीनंतर शाळा उघडल्याचा सातवा दिवस, २० डिसेंबर आणि ३ जानेवारी.

शेवटच्या दोन तारखा मी मुद्दाम धरल्या आहेत. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी आपल्या वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर देह ठेवला. त्यांना स्वतःला शाळा मिळाली नाही, पण जन्मभर ते कीर्तनातून सांगत राहिले की जेवायला ताट नसलं तरी चालेल, लेकराला शिकवा. त्यांची पुण्यतिथी बरोबर वेचणीच्या दिवसांत येते. आपण त्या दिवशी गाव झाडतोच. झाडून झालं की त्या यादीतलं प्रत्येक लेकरू आज शाळेत आहे का, हेही पाहू. आणि ३ जानेवारी सावित्रीबाईंची जयंती. त्या दिवशी फोटोला हार घालण्याआधी हजेरी विचारू.

पुढच्या बैठकीत अध्यक्षताईंनी विषयपत्रिकेवर ‘पाचवीच्या लेकरांची यादी’ हा विषय लिहावा आणि यादीची एक प्रत ग्रामसंघात द्यावी. मी प्रत्येक गावात येईन तेव्हा आधी परतफेडीचं रजिस्टर पाहीन आणि लगेच ही यादी पाहीन. ज्या गावी वाहतूक भत्ता, एसटीची वेळ किंवा दाखल्याची अडचण असेल त्यांनी अर्जाचा मसुदा माझ्याकडून घ्यावा. तो लिहायला मी सोबत बसेन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, वलगाव